वेदीवरचा शॅकल

काही वर्षांपूर्वी याच मासिकाच्या नाताळ अंकात माझी एक साक्ष छापून आली होती. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीत देवाने माझ्या टोळीला मरणाच्या दाढेतून कसे काढले, असा तिचा विषय होता. संपादकांनी ती पहिल्या पानावर घेतली. ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती मोठ्याने वाचली गेली, असे लोक येऊन सांगत, आणि मी ते ऐकताना मान खाली घालत असे. नम्र माणसाने मान खाली घालायची असते, एवढे मला ठाऊक होते.

त्या साक्षीतले एक वाक्य खरे होते. वजन खाली आले आणि त्याच्याखाली उभी असलेली माणसे वाचली. बाकीची साक्ष मी रचली होती. त्या रचनेपायी डोमाजी नावाच्या एका खलाशाचा रोजगार गेला. पाय त्याआधीच गेला होता.

यंदा नव्या संपादकांनी कामाचे अनुभव मागवले आहेत, म्हणून जुन्या साक्षीची दुरुस्ती पाठवतो आहे. पहिल्या पानावर घेण्याची गरज नाही.

आधी आमचा धंदा सांगतो. खलाशी म्हटले की लोकांना जहाज आठवते. आमच्याकडे मात्र जड वस्तू दोर आणि कप्प्यांच्या जोरावर उचलून जागेवर नेऊन ठेवणाऱ्याला खलाशी म्हणतात. पोलादाची भट्टी कागदावर इंजिनियर उभी करतो, पण तिचा एकेक तुकडा वर चढतो तो खलाशाच्या दोरावरून. उंच लोखंडी खांब, त्याच्या टोकाला कप्पी, खांबाच्या पायथ्याशी दुसरी कप्पी, आणि तिथून दोर जातो विंचकडे. विंच म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र. हे सगळे एकमेकांत अडकवणारी वस्तू म्हणजे शॅकल. घोड्याच्या नालासारखा जाड लोखंडी वाक आणि त्याच्या दोन्ही टोकांतून आरपार जाणारी, स्क्रूसारख्या आट्यांची पिन. पिन पुरती फिरवून घट्ट केली, की शॅकल हत्तीलाही दाद देत नाही. ढिली राहिली, तर दोर हादरत जातो तशी ती स्वतःच फिरून बाहेर येते.

धंद्याचे नियम थोडे आहेत. इशारा एकाच माणसाने द्यायचा. ज्याच्या तोंडात शिटी, त्याचाच शब्द. वजन आधी वीतभर उचलायचे, थांबायचे, प्रत्येक जोडावरून नजर फिरवायची, मग वर न्यायचे. आणि ताणलेला दोर जिथे वळतो, त्या वळणाच्या आत कोणी उभे राहायचे नाही. तिथली कप्पी सुटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी येते.

शिटी माझ्या तोंडात होती. मी चार्जमन, म्हणजे टोळीचा मुकादम होतो, उभारणीच्या एका ठेकेदाराकडे.

डोमाजी माझ्या टोळीतला सर्वांत जुना खलाशी. भंडाऱ्याकडच्या धानाच्या मुलखातला. आवाज मोठा, बढाया त्याहून मोठ्या. कोणत्याही नदीचे नाव काढा, तिच्यावरचा पूल आपणच चढवला, असे तो शपथेवर सांगे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो कामाला आला तर टोळी त्याच्याकडे संशयाने पाही. प्रत्येक मोठ्या उचलीआधी मात्र तो आंघोळ करून येई. वजन अडकवायच्या आकड्यासमोर नारळ फोडी, मग कुंकवाची डबी घेऊन खाली वाके आणि प्रत्येक कप्पी, प्रत्येक शॅकल, प्रत्येक पिन यांना अंगठ्याने कुंकू लावत फिरे. अंगठा दाबून लावी. एकही जोड सोडत नसे. का, असे विचारले तर म्हणे, "एकाले लावलं अन् एकाले नाई, तं तो रुसते जी."

मला त्याचा मनापासून तिटकारा होता. मी मिशनच्या शाळेत वाढलेलो. मूर्तीच्या पाया पडू नको, ही देवाची दुसरी आज्ञा मला बाराखडीच्या आधी पाठ झाली होती. लोखंडापुढे हात जोडणारी माणसे पाहिली की माझ्या पोटात एक गोड राग उसळे. गोड अशासाठी, की त्यात आपण वेगळे असल्याचे सुख होते.

एकदा डोमाजीचा नारळ फुटेना. तीन-चारदा आपटला, पण नारळ टप्पा खाऊन बाजूला. टोळीतल्या अर्ध्या लोकांनी दोर सोडून दिला.

"आज उचल नाई होत जी साळवेबाबू," डोमाजी म्हणाला. "देव नाई म्हणून राहिला."

"देव नाही म्हणत नाही, तुझा नारळ म्हणतो. घण मार त्याच्यावर."

"घण कायले मारू? जबरदस्तीनं हो म्हणवून घेऊ का त्याच्याकून?"

विंचवर रामटेके होता. नागपूरकडचा, नुकताच बौद्ध झालेला, जिभेला धार असलेला माणूस. तो तिथूनच ओरडला, "डोमाजी, नारळ बदल ना बाप्पा! नासका दिला असन दुकानदारानं. देवाचं नाव कायले खराब करतं?"

नवा नारळ येईपर्यंत अर्धी पाळी वाया गेली. इंजिनियरसाहेबांनी मला सर्वांसमोर झापले. दुसऱ्या दिवशी मी टोळीला हुकूम दिला. माझ्या टोळीत नारळ नाही, कुंकू नाही. ज्याला पूजा करायची त्याने घरी करावी.

इतके करून थांबलो असतो तर तो नुसता हुकूम राहिला असता. मी पुढे गेलो. त्याच्या जागी प्रार्थना सुरू केली. उचलीआधी मी आकड्यासमोर उभा राही, टोपी काढी, सर्वांना डोळे मिटायला सांगे आणि मोठ्या आवाजात देवाला हाक मारी. हिंदू, बौद्ध, रेजा म्हणवणाऱ्या छत्तीसगडी मजूर बाया, सगळे डोळे मिटून उभे राहत, कारण हजेरी माझ्या हातात होती. याला मी सुवार्तेचा प्रसार म्हणत असे.

एकटा रामटेके डोळे मिटत नसे. "माझे नोका मिटवू भाऊ. ब्रेकवर पाय हाय माझा."

"क्षणभर मिटले तर काय होतं?"

"मी नारळ सोडला तो तुमची टोपी धराले नाई सोडला," तो म्हणाला. टोळी हसली. मी त्याच्यासाठी त्या रात्री खास प्रार्थना केली. अशी प्रार्थना करणाऱ्याला स्वतःबद्दल फार बरे वाटते.

महिने चांगले गेले. एक वजन निसटले नाही, एक बोट चेंगरले नाही. आमची मंडळी तेव्हा एका पत्र्याच्या शेडमध्ये उपासनेला जमत असे, तिथे मी हे सांगू लागलो. साळवेच्या टोळीला देव राखतो, अशी माझी ख्याती झाली. हळूहळू माझी प्रार्थनाही लांबली. इंजिनियर पाहत असले की आणखी लांबे.

मग तो दिवस आला. भट्टीतून वायू वाहून नेणाऱ्या मोठ्या नळाचा एक वाकडा तुकडा चढवायचा होता. वजन नेहमीपेक्षा जास्त, म्हणून कप्प्या जास्त, जोडही जास्त. इंजिनियरसाहेबांबरोबर एक रशियन तज्ज्ञ आला होता, त्याचा दुभाषी बरोबर. एवढे श्रोते मला पूर्वी मिळाले नव्हते. मी टोपी काढली.

पुढचे मला रामटेकेने नंतर सांगितले, कारण माझे डोळे मिटलेले होते. रशियन माणसाने थोडा वेळ वाट पाहिली, मग दुभाष्याला काही विचारले. दुभाषी म्हणाला, "पूछ रहे हैं, ये आदमी किससे बात कर रहा है?" इंजिनियर म्हणाले, "अपने भगवान से." रशियन पुन्हा काही बोलला. दुभाषी हसला, पण ते त्याने सांगितले नाही.

"तो म्हणत असन, मंग आमाले इतक्या दूरून कायले बोलावलं," असे रामटेकेचे भाषांतर.

शेवटी इंजिनियरसाहेबांनी हाक मारली, "साळवे, बस हो गया! चढ़ाओ!"

मी घाईने आमेन म्हटले, डोळे उघडले आणि शिटी वाजवली. वीतभर उचलून थांबायचे, ते थांबलो नाही. प्रार्थना लांबली होती, म्हणून तपासणी मी आखूड केली. आणि माझी नजर वर होती, नळाच्या तुकड्याकडे. पायथ्याकडे मी पाहिलेच नाही.

तुकडा दोन पुरुष उंचीवर गेला असेल, तेवढ्यात खाली खाडकन आवाज झाला. पायथ्याची कप्पी सुटली. दोर सैल पडला, वजन खाली आले आणि खालच्या माणसांच्या डोक्यावर हातभर अंतरावर येऊन थांबले. रामटेकेने सगळे अंग ब्रेकवर टाकले होते. कोणी ओरडले नाही. एक माणूस तेवढा ओरडत होता. डोमाजी. तो पायथ्याशी, दोराच्या वळणाच्या आत पडला होता आणि सुटलेली कप्पी त्याच्या नडगीवरून गेली होती.

मी त्याच्याजवळ बसलो. त्याच्या उजव्या अंगठ्याला कुंकू होते.

"पिन ढिली होती जी," तो म्हणाला. "मी फिरवूनच राहिलो होतो. तुमी शिटी कावून वाजवली?"

त्याला उचलून नेल्यावर मी सगळ्या जोडांवरून फिरलो. प्रत्येक शॅकलला ओले कुंकू होते. पायथ्याचा शॅकल तेवढा कोरा होता, आणि तोंड पसरून पडला होता. त्याची पिन थोड्या अंतरावर मातीत सापडली. तुटलेली नव्हती, वाकलेलीही नव्हती. आटे शाबूत होते. नुसती फिरून बाहेर आली होती.

तेव्हा मला समजले. माझ्या हुकुमानंतर डोमाजीने फेरी सोडलीच नव्हती. सगळ्यांचे डोळे मी मिटवत होतो, त्या आडोशाने तो दर उचलीआधी कुंकू लावत फिरत होता. तो काही कप्प्या तपासत नव्हता. तो देवाची समजूत काढत होता. पण दाबून कुंकू लावायचे तर अंगठा पिनेला लागतो, आणि ढिली पिन अंगठ्याखाली हलते. हलली की तो ती फिरवून बसवी आणि पुढे जाई. ज्या महिन्यांचे श्रेय मी मंडळीत उभा राहून माझ्या प्रार्थनेला देत होतो, ते महिने असे गेले होते.

मी पिन खिशात टाकली.

इंजिनियरसाहेबांनी विचारपूस केली. मी सांगितले की डोमाजी धोक्याच्या जागी उभा होता, हुकूम मोडून तिथे गेला होता, तिथे तो पूजा करत होता. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पिनेबद्दल विचारले तेव्हा म्हणालो, तुटून उडाली असावी. एवढा एकच खोटा शब्द, पण तो पुरेसा होता. लोखंडाच्या दोषाला चार्जमन जबाबदार नसतो. अपघात झालेल्या चांगल्या खलाशाला ठेकेदार गोदामावर बसवत असे, साखळ्या मोजायला, दोर द्यायला. हुकूम मोडणाऱ्याला बसवत नसे. डोमाजीचा पाय गुडघ्याखाली कापला आणि त्याला रजा मिळाली, कायमची.

त्याच रविवारी मंडळीत पाळकसाहेबांनी मला साक्षीला उभे केले. मी म्हणालो, लोखंड तुटले, पण देवाचा हात तुटला नाही. वजन हवेत थांबले. रामटेकेच्या ब्रेकचा उल्लेख मला आवश्यक वाटला नाही. आणि मग, माझ्या तोंडाला कोणी भरीस घातले कोण जाणे, मी पुढे म्हणालो की सबंध टोळीत एकालाच इजा झाली, आणि तो त्या वेळी लोखंडाला कुंकू लावत होता. शेडमध्ये एक मोठा, समाधानी उसासा उमटला. तो उसासा मला आजही ऐकू येतो. हीच साक्ष पुढे छापून आली.

आमच्या मंडळीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे मूर्ती नव्हती. पांढऱ्या भिंती, साधा लाकडी क्रूस, बाके. कुठल्या बाकावर कोणी बसावे असे कुठे लिहिलेले नव्हते. तरी ज्यांच्या क्वार्टरला पुढे व्हरांडा आणि मागे अंगण, ते पुढे बसत. ज्यांना एकच खोली, ते मधे. ठेकेदाराच्या कॅम्पातली माणसे दाराशी, चपलांच्या शेजारी. मंडळीचे चिटणीस मनोहरराव कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या मोठ्या क्वार्टरात राहत. देवाला सेक्टर कळत नसतील, पण मनोहररावांना कळत. एखाद्याला बढती मिळाली की पुढच्या रविवारी तो कुटुंबासह एक बाक पुढे सरके, आणि पाळकसाहेब त्याच्या नावाने आभाराची प्रार्थना करत. हे लोक नारळाला हसत. मीही त्यांच्यात होतो, आणि साक्षीनंतर मला तिसऱ्या बाकावर जागा मिळाली.

मनोहररावांना कल्पना सुचली. "साळवेबंधू, तो शॅकल आहे कुठे? लोकांना पाहू द्या. डोळ्यांनी पाहिलं की विश्वास दृढ होतो."

मी तो भंगारातून मागून आणला. मनोहररावांच्या पत्नीने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. शॅकल वेदीवर, पवित्र शास्त्राच्या शेजारी विराजमान झाला. सुरुवातीला लोक नुसते पाहत. मग एका बाईने त्याला बोट लावले आणि ते बोट कपाळाला नेले. कोणी तिला अडवले नाही. पुढच्या रविवारी चार जणींनी तसे केले. मुलाखतीला जाणारी पोरे त्याला हात लावून जाऊ लागली. ताप आलेल्या लेकराचा हात धरून त्याला टेकवला जाई. कारखान्यातल्या परीक्षेआधी आठवडाभर तर रांग लागे. पाळकसाहेबांना हे खटकत असावे, पण लोक वाढले होते, आणि वाढलेली माणसे कोणत्या पाळकाला खटकतात?

मी तिसऱ्या बाकावरून दर रविवारी हे पाहत होतो. माझी पत्नी सगुणा एकदा म्हणाली, "अहो, ते लोखंड किती दिवस ठेवणार तिथं? मला त्याच्याकडे पाहून प्रार्थना सुचत नाही." मी तिला अविश्वासू म्हटले.

त्या वर्षी नाताळच्या चहाला मी रामटेकेला बोलावले. जीव वाचवणाऱ्याला चहा पाजावा, एवढी लाज माझ्यात उरली होती. कप हातात घेऊन तो शेडभर फिरला आणि वेदीसमोर थांबला. क्रोशाच्या रुमालावरचा तो शॅकल त्याने ओळखला. आधी त्याला ठसका लागला, मग तो हसायला लागला, चहा बशीत सांडेपर्यंत हसला.

"अबे साळवे, याले तं आता कुंकवाचीच कमी हाय!"

मग त्याचे त्यालाच काही आठवले. हळू आवाजात म्हणाला, "बाकी समद्याले होतं. याले एकट्यालेच नव्हतं. हो ना?"

"तुला ठाऊक होतं? तो फेरी मारत होता ते?"

"रोज पाहत होतो. माझे डोळे उघडे राहत ना. मले वाटलं तुमालेबी ठाऊक हाय, अन् तुमी त्याच्यासाठीच एवढं लांबण लावता." कप खाली ठेवून त्याने विचारले, "पाहाले गेले का कधी डोमाजीले?"

मी गेलो नव्हतो. डोमाजी तेव्हा बोरसी गावात त्याच्या लेकीकडे राहत होता, सायकलने जाण्याच्या अंतरावर.

पुढच्या सुट्टीला गेलो. बोरसीत घरामागे भाजीची वाडी होती, वाडीत विहीर. डोमाजी काखेत कुबडी धरून पाणी शेंदत होता. कप्पी सुतळीने बांधलेली, दर बादलीला सुतळी करकरत होती. मला पाहून तो थांबला नाही. मी जे ठरवून गेलो होतो ते सांगितले. पिन ढिली होती, मी ती पाहिली नाही, थांबलो नाही, नंतर लपवली. सांगता सांगता माझे गुडघे टेकले आणि मी त्याचा पाय धरला.

"उठा जी," तो वैतागून म्हणाला. "आता माझ्या पायाची पूजा मांडता का? एकच उरला हाय तो, मोकळा राहू द्या."

"डोमाजी, मला क्षमा..."

"ते मंग पाहू. मले कायले सांगता हे? मले का ठाऊक नव्हतं? पिन तं माझ्याच अंगठ्याखाली होती. हापिसात सांगा. गोदामाची जागा गेली माझी. लेकीच्या घरी भाकर खाऊन राहिलो. जावई बोलत नाई काई, पण ताट वाढलं का दुसरीकडं पाहते."

मी त्याच आठवड्यात इंजिनियरसाहेबांकडे गेलो आणि पिन त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवून पाहिली. मला वाटले होते रागावतील. ते नुसते थकलेले दिसले.

"साळवे, ये तब बोलते तो उसको गोदाम पर बिठा देता. अब तो गोदाम ही उठ रहा है." ठेकेदाराचे काम संपत आले होते, सामान गाड्यांवर चढत होते. पिन त्यांनी परत दिली. मला शिक्षा म्हणून त्यांनी काहीच केले नाही. शिटी मीच खाली ठेवली, चार्जमनकी सोडली. आता कारखान्यात दोर आणि शॅकल देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसतो. डोमाजीला मिळायला हवी होती तशी जागा मला मिळाली आहे.

मंडळीत साक्षीच्या वेळी मी पुन्हा उभा राहिलो. सगळे सांगितले. ब्रेक, पिन, कुंकू, माझे डोळे. म्हणालो की आमच्या धंद्यात एकही वस्तू अशी नसते जिला हात लावून तपासता येत नाही. ज्या वस्तूला नुसते बोट लावून कपाळाला नेतो, पण तपासून पाहायची हिंमत होत नाही, ती मूर्ती. हा शॅकल मूर्ती आहे. माझी प्रार्थनाही मूर्ती होती, आणि तिच्या जागी प्रत्यक्षात मीच उभा होतो, टोपी काढून. ही बाकेही तपासून पाहा, असेही म्हणालो. ते म्हणायला नको होते. तोवर लोक ऐकत होते.

मी वाट पाहत होतो की कोणीतरी डोमाजीबद्दल विचारील. तो कुठे आहे, काय खातो, एवढे तरी. मनोहरराव उठले.

"बंधूंनी मन मोकळं केलं, चांगलं झालं. साक्षीत थोडाफार फरक पडला असेल. पण शॅकल तर राहू द्या! पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत."

मागून कोणीतरी आमेन म्हणाले. हा मी विनोद करत नाही.

मी वेदीपाशी गेलो, शॅकल उचलला आणि रुमाल घडी करून तिथेच ठेवला. सगुणा माझ्या आधी दारापर्यंत पोचली होती. मनोहररावांच्या पत्नी रडत होत्या. त्या रुमालासाठी रडत होत्या की शॅकलसाठी, मला सांगता येणार नाही.

बोरसीला डोमाजीने तो शॅकल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तोंड थोडं पसरलं हाय. पण विहिरीच्या कप्पीले काय लागते? पिन कुठी हाय?"

मी खिशातून काढून दिली. त्याच्या जावयाने शॅकल दगडावर ठोकून तोंड जरा जवळ आणले. डोमाजीने पिन लावली, फिरवली, पुन्हा फिरवली. सुतळी काढून कप्पी शॅकलवर टांगली. बादली आवाज न करता वर आली. मग घरातून डबी मागवून त्याने शॅकलला कुंकू लावले, अंगठा दाबून, आणि माझ्याकडे पाहिले.

"हुकूम नाई का आज?" त्याने विचारले.

मला क्षमा केली असे तो अजून म्हणालेला नाही. भाजी मात्र देतो, वांगी बहुतेक.

वेदीवरची जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. मनोहररावांनी कुठून तरी दुसरा शॅकल मिळवला, त्याला रुपेरी रंग दिला आणि त्याच रुमालावर ठेवला. त्याने कधी वजन उचललेले नाही, तो कधी सुटलेला नाही, त्याच्याखाली कोणी कधी उभे राहिलेले नाही. परीक्षेच्या आठवड्यात त्याच्यासमोरही रांग लागते. सगुणा आणि मी आता दाराशी बसतो, चपलांच्या शेजारी.

महिन्यातून एकदा मी बोरसीला जातो. डोमाजी आधी त्याच्या पुलांच्या गोष्टी सांगतो, नद्यांची नावे दर वेळी वाढलेली असतात. निघताना मी विहिरीपाशी जातो आणि पिनेवर अंगठा दाबून ती हलते का पाहतो. बोटाला कुंकू लागते. ते मी पुसत नाही, कपाळालाही नेत नाही. तसाच सायकलच्या मुठीवर हात ठेवून घरी येतो.